सावलीतला वाफा: एकदा लावून विसरता येतील अशी बारमाही झाडं सुचवा

अंगणवेडी · १४ मे, सकाळी ९:५०

मंडळी, मदत हवी आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्यात तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. खरं सांगायचं तर फ्लॅट बघून नाही, त्याला लागून असलेली जमीन बघून घेतला. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये २२ फूट लांब, ९ फूट रुंद पट्टा. शेजारच्या बंगल्यातला आंबा भिंतीवरून वाकून अर्ध्या पट्ट्यावर आलेला. बघायला गेलो तेव्हा सकाळी साडेदहापर्यंत छान ऊन होतं, चारनंतर पुन्हा तिरपं येत होतं. मी तिथे उभ्या उभ्या मनात गुलाब लावून टाकले.

वर्षभराचा हिशोब असा: सहा गुलाबांपैकी एक जिवंत, म्हणजे त्याचे काटे जिवंत. मोगऱ्याने दिवाळीपर्यंत हात-हात लांब मरतुकड्या फांद्या काढल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कळी एक नाही. जास्वंदीवर मिलीबग. लॉनचे तयार तुकडे अंथरले होते, तिथे आता शेवाळ आहे आणि पावसाळ्यात सासूबाई त्यावरून घसरता घसरता वाचल्या. घरात त्या पट्ट्याला 'तुझा प्रकल्प' म्हणतात.

नोकरी आहे, दोन मुलं (५ आणि ९), एक कुत्रा. माळीकाका रविवारी अर्धा तास येतात. दर हंगामाला उपटा आणि नवीन लावा हे जमणार नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील, सावलीत खूश असेल आणि माझ्याकडून फार लाड मागणार नाही असं काय आहे? नर्सरीवाले प्रत्येक झाडाला 'सावलीत चालेल ताई' म्हणतात.

पानफुटी · १४ मे, सकाळी १०:३२

स्नेक प्लांट, झीझी, सिंगोनियम, मनीप्लांट, स्पायडर प्लांट. डोळे मिटून लाव. माझ्या जिन्याखाली आहेत, मी त्यांचं तोंडही बघत नाही.

निवृत्त_तात्या · १४ मे, दुपारी १२:१५

झाडांच्या याद्या नंतर. आधी सांग, पट्टा इमारतीच्या कुठल्या बाजूला आहे? वर्णनावरून उत्तरेला असणार. तसं असेल तर तुझी फसगत सूर्याने केली आहे, नर्सरीवाल्याने नाही.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला. कालपरवाच आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस झाला, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. आता जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असेल. सकाळी ईशान्येकडून येणार, संध्याकाळी वायव्येकडे जाणार. त्यामुळे उत्तरेच्या अंगणात वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन नेमकं मे महिन्यात दिसतं. तू घर मे महिन्यात बघितलंस! जून-जुलैत सूर्य तिथेच असतो, पण ढगाआड. २३ सप्टेंबरनंतर तो दक्षिणेकडे सरकतो आणि तुझ्या पट्ट्याचं ऊन मार्चपर्यंत बंद.

आकडा हवा असेल तर घे. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. इमारत ४० फूट उंच धरली तर तिची सावली उत्तरेला ३६ फूट पडते. तुझा पट्टा ९ फुटांचा. मोगऱ्याने कळी कुठून आणायची?

आता एक काम कर. पट्ट्याचे तीन भाग पाड: भिंतीकडचा, मधला, आंब्याखालचा. चार दिवस दर दोन तासांनी बघ आणि वहीत लिही. नुसतं ऊन-सावली असं लिहू नकोस. आंब्याच्या पानांतून कवडसे पडतात ती सावली वेगळी आणि इमारतीची सावली वेगळी. कवडशांच्या सावलीत पुष्कळ काही फुलतं. इमारतीच्या सावलीत निदान वरून आकाश मोकळं दिसतं का तेही बघ. दिसत असेल तर पानांच्या झाडांना तेवढा उजेड पुरतो.

अंगणवेडी · १४ मे, दुपारी १:०४

तात्या, उत्तरच! होकायंत्र काढून बघितलं. नवऱ्याला ३६ फुटांचा हिशोब ऐकवला, तर म्हणाला 'हे घर घेण्याआधी नसतं का सांगता आलं त्यांना.'

कुळागरकार · १४ मे, रात्री ९:४१

फोंड्याहून. तुमच्या पुण्यात सावली म्हटली की दुखणं आल्यासारखं बोलतात, याची गंमत वाटते. आमचं अख्खं कुळागर सावलीत उभं आहे. वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मधल्या उंचीला केळी, त्याखाली अननस, हळद, आलं, अळू. पाटाचं पाणी फिरतं. जमिनीला थेट ऊन लागू नये हीच आजोबांची शिकवण, कारण ऊन लागलं की तण आलं.

तुमच्या नऊ फुटांत कुळागर होणार नाही, पण थर लावायची रीत घ्या. भिंतीवर मिरी किंवा पानवेल चढवा. मिरीला फळ यायला जरा उजेड लागतो, पानवेल मात्र सावलीतच खूश. जमिनीवर पिंपळी सोडा. हीच ती औषधातली पिंपळी, मिरीची बहीण. जमिनीलगत सरपटते, गाठीगाठीला मूळ धरते, पानं बदामाच्या आकाराची. लॉन मेलं तिथे हिची दोन हातांची चादर एका पावसाळ्यात होते. फक्त तिच्यावरून चालू नये.

आणि हळद लावा. सावलीत गड्डे कमी धरतात हे खरं, पण पानं कशी मोठी येतात बघा. आमच्या घरी हळद गड्ड्यासाठी कमी आणि पानांसाठी जास्त. नागपंचमीला पातोळ्या, आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात १५ ऑगस्टच्या फेस्ताला त्याच पातोळ्या. पान ताजं तोडलेलं असलं की वाफेला जो वास सुटतो तो बाजारच्या पानाला नाही.

कंदमूळ · १५ मे, सकाळी ७:२०

कुळागरकारांना +१. मला या धाग्याची कधीची वाट होती, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

'बारमाही' म्हटलं की आपण बाराही महिने हिरवं असं समजतो. पण सावलीतली सगळ्यात देखणी मंडळी वर्षातले चार-पाच महिने जमिनीखाली झोपतात. ती झोपली की मेली म्हणून आपण उपटून टाकतो. ज्याला ती झोप सोसवते त्याच्यासाठी ही झाडं, कारण झोपेत त्यांना पाणी नको, खत नको, काही नको.

पहिला भुईचाफा. एप्रिल-मेमध्ये पान नाही, देठ नाही, आणि उघड्या मातीतून थेट फूल येतं. पांढऱ्या पाकळ्या, पुढे जांभळी ओठासारखी पाकळी, खाली वाकलं तर मंद वास. एकेक फूल दिवसभराचं, पण कंद रोज नवीन वर पाठवत राहतो. पाऊस लागला की पानं येतात, वरून रुपेरी नक्षी, उलटं केलं तर जांभळट. दिवाळीनंतर पिवळी पडून आडवी होतात आणि संपलं. आंब्याखाली लाव.

मग फुटबॉल लिली. काही नर्सऱ्यांत तिला मे फ्लॉवर म्हणतात. मेमध्ये एका दांड्यावर बारीक लाल फुलांचा चेंडू. हाही कांदा हिवाळ्यात झोपतो. याच्या उलट युकॅरिस लिली: ती कधीच झोपत नाही, गर्द हिरवी रुंद पानं, पांढरी वाकलेली सुगंधी फुलं, आणि दाट सावली तिला खरंच आवडते. कुंडी गच्च भरली की जास्त फुलते, म्हणून दरवर्षी वेगळी करायचा उत्साह नको.

सोनटक्का तुला गौरी-गणपतीच्या सुमाराला हवा असणार, पण त्याला दोन-तीन तास ऊन आणि ओलावा दोन्ही लागतं. पट्ट्याच्या ज्या टोकाला सकाळचं ऊन जास्त वेळ टिकतं आणि नळ जवळ आहे तिथे एकच ठोंब लाव. तीन वर्षांत तो स्वतःच दहा होतो. त्याच्यामागे पेव. पेवाचा दांडा गोल जिन्यासारखा वळत जातो आणि पानं त्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी. मुलांना दाखव, त्यांना आवडेल.

रानहळद आणि सापकांदाही सावलीतले, पण ते सह्याद्रीतून उपटून आणू नका. पावसाळी ट्रेकला गेलेली मंडळी पिशवीत कंद घालून आणतात. त्यातले निम्मे पुण्यात मरतात आणि तिकडची जागा रिकामी होते. कुणी स्वतःच्या बागेत वाढवलेला कंद दिला तरच घ्या.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पानं सुकायला लागली की प्रत्येक ठोंबाशेजारी खूण खोच. आईस्क्रीमची काडी मुलं काढतात. फुटक्या कौलाची खापरी चांगली.

पानफुटी · १५ मे, सकाळी ११:०८

कंदमूळ, वाचनखूण साठवली. पण चार महिने रिकामी माती बघत बसायची? तिथे काय दिसणार पाहुण्यांना?

कंदमूळ · १५ मे, दुपारी ३:४५

म्हणूनच मध्ये मध्ये नेचे. नर्सरीत 'फर्न' म्हणून सर्रास मिळतं ते नेफ्रोलेपिस, ते स्वतःच पसरतं. जुन्या विहिरीच्या दगडांत दिसतो तो हंसराज, त्याला हवेत ओल लागते, पुण्याच्या एप्रिलमध्ये तो रुसतो. आणि अबोली! दिवसाला दोन-तीन तास ऊन मिळालं तरी अबोली वर्षातले बहुतेक महिने फुलते. वाळलेल्या कणसावर झारीचं पाणी पडलं की थोड्या वेळाने तट्-तट् आवाज येतो, बिया उडून लांब पडतात. पुढच्या वर्षी जिथे लावली नाही तिथे उगवते.

शंकेखोर · १५ मे, संध्याकाळी ६:३०

अवांतर: पानफुटीने सांगितलेला स्पायडर प्लांट हा आपल्या फोडशीचा, म्हणजे कुलूच्या भाजीचा, आफ्रिकेतला चुलत भाऊ. दोन्ही क्लोरोफायटम. सफेद मुसळीही त्याच घरातली आणि तिच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलिएनम. म्हणून कुंडीतला स्पायडर उपटून भाजी करू नये. (गंमत आहे, हलकं घ्या.)

वऱ्हाडी_ठेचा · १६ मे, रात्री ११:१२

राजेहो, तुमची सावली ओली आहे म्हणून हे सगळं सुचतंय. आमच्या नागपूरची सावली कोरडी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की सावलीतसुद्धा लू लागते आणि फर्नची पानं पापडासारखी चुरतात. मी तीन वर्षं फर्नवर पैसे घातले. आता नाही.

कडुनिंबाखाली माझ्याकडे जे टिकलं ते: अडुळसा, स्नेक प्लांट, रिओ (पान वरून हिरवं, खालून वांगी रंगाचं) आणि स्पायडर. स्पायडरची टोकं जळतात, पावसाळ्यात नवीन येतो. अडुळशाला तर बकरीसुद्धा तोंड लावत नाही.

पण एक गंमत सांगतो. आमच्या मागच्या खिडकीला कूलर आहे, उत्तरेला. त्याच्या खाली चार महिने पाणी ठिबकतं. तिथे आईने अळू टोचला होता. बाहेर सगळं करपलेलं आणि त्या तीन फुटांत कोकण! गणपतीत वडीला पानं विकत आणत नाही आम्ही. उन्हाळा संपला, कूलर बंद झाला, तोवर पाऊस येतो. अळूला खंड माहीतच नाही.

ज्यांच्या घरी एसीचं पाणी नळीने गटारात जातं त्यांनी विचार करा.

शेपटीवाले · १७ मे, सकाळी ८:१५

पाच वर्षांचं मूल आणि कुत्रा आहे हे लोक विसरले वाटतं. सावलीतली पुष्कळ शोभेची पानं अळूच्या कुळातली आहेत: डिफेनबेकिया, अग्लोनेमा, सिंगोनियम, मनीप्लांट, अलोकेशिया, पीस लिली. या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूवडीला चिंच का घालतात ते आठवा. नीट शिजलं नाही तर घसा खवखवतो. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडात आग होते, जीभ सुजते. आमच्या मांजराने एकदा चावलं, दोन दिवस लाळ गळत होती. माझ्या घरून डिफेनबेकिया गेला, बाकीचे वर टांगले.

कंदमूळ यांच्या यादीतल्या दोन्ही लिलींचे कांदेही कुत्र्याने उकरून खाल्ले तर त्रास होतो. आणि गौरीला लागते म्हणून कळलावी लावायचा मोह होईल, तर मुलं मोठी होईपर्यंत नको. तिचा कंद जीवघेणा विषारी आहे.

खतातही बघा. एरंडीची पेंड कुत्र्यांना आवडते आणि ती विषारी असते. निंबोळी पेंड वापरा.

मातीतला_माणूस · १८ मे, सकाळी ६:५०

झाडं झाली, आता जमिनीबद्दल कुणी बोलेल का? पुण्यात इमारतीलगतची जमीन म्हणजे बिल्डरने पुरलेला राडारोडा आणि त्यावर सहा इंच लाल मातीचा मेकअप. अंगणवेडी, खुरपं घालून बघ, विटेचा तुकडा लागतो की नाही.

सगळा पट्टा खणायला जाऊ नकोस. एक तर आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, ती तोडलीस तर शेजारी आणि झाड दोघंही रागावतील. दुसरं, गरज नाही. फूटभर रुंद, फूटभर खोल असे खड्डे कर, मोठं मूळ लागलं की वीतभर बाजूला सरक. खड्ड्यात दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. वरून माती चढवायची असेल तर दोन इंचांच्या वर नको, आणि बुंध्याला टेकवून तर अजिबात नको, खोड कुजतं.

पाणी: सावलीतली झाडं तहानेने मरत नाहीत, लाडाने मरतात. बोट दोन पेरं आत घाल. ओलं लागलं तर नळी खाली ठेव. आंब्याखाली मात्र उलटं आहे. तिथे आंबा आधी पितो, उरलं तर तुझी झाडं. एप्रिल-मेमध्ये तिथे जास्त द्यावं लागेल.

आणि पाचोळा. आंब्याची पानं चिवट, वर्ष-वर्ष कुजत नाहीत. पायाखाली चुरून वाफ्यावर दोन-तीन इंच पसर. सोसायटीवाले 'कचरा साठवलाय' म्हणतील. म्हणू देत. माळ्यालाही सांगून ठेव, कारण माळी लोकांना झाडलेली, टकलू जमीन म्हणजे स्वच्छ बाग वाटते.

जर्सीकर · १९ मे, सकाळी ५:३८

न्यू जर्सीहून हजेरी. इथे सावली म्हटलं की एकच नाव, होस्टा. आमच्या मेपलखाली मी चौदा लावले. हिवाळ्यात बर्फाखाली नाहीसे होतात, एप्रिलमध्ये गुंडाळलेल्या विड्यासारखे कोंब वर येतात. पहिल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी उठलो तर चौदा ठिकाणी नुसते देठ. हरणं! शेजारीण हसली, म्हणाली होस्टा म्हणजे त्यांची पालेभाजी. आता तिथे ख्रिसमस फर्न आणि हेलेबोर आहेत. हरणं हुंगून पुढे जातात.

अळू कुंडीत ठेवलाय, ऑक्टोबरमध्ये पहिल्या हिमाआधी गड्डे काढून तळघरात. वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या कूलरचा हेवा वाटला.

अंगणवेडी · २ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. वही लिहिली. भिंतीकडच्या पूर्व टोकाला पावणेतीन तास ऊन, मधे दीड, आंब्याखाली फक्त कवडसे. विटांचे तुकडे निघाले, शिवाय एक अख्खी फरशी आणि कुणाची तरी चप्पल.

लावलं ते असं: पूर्व टोकाला, नळाजवळ सोनटक्का आणि अबोलीची चार रोपं. मधल्या भागात हळद, पेव, फर्न. आंब्याखाली भुईचाफ्याचे पाच कंद (कंदमूळ यांनी कुरिअरने पाठवले, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येकावर नाव लिहून) आणि युकॅरिस. लॉनच्या जागी पिंपळी. भिंतीला पानवेल. गुलाब आईकडे गच्चीवर पाठवला.

अंगणवेडी · १९ जुलै, रात्री ११:३०

धागा वर काढतेय. गोगलगायी!! रात्री दहाला टॉर्च घेऊन गेले, तर फर्नवर, हळदीवर, भिंतीवर, चपलेत. मोजल्या, ५१. काही तर मुठीएवढ्या. पेवाची जिन्याची पायरी-पायरी खाल्ली आहे. दुकानात निळ्या गोळ्या देत होते, घेऊ का?

शेपटीवाले · १९ जुलै, रात्री ११:४७

नको! त्या बहुधा मेटाल्डिहाइडच्या असतात. कुत्र्याने खाल्ल्या तर थेट दवाखाना.

मातीतला_माणूस · २० जुलै, सकाळी ६:१०

संध्याकाळी जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यात ठेव. सकाळी उचल, खाली सगळी सभा भरलेली असते. हातमोजे घालून वेच आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाक. मीठ वाफ्यात शिंपडू नकोस, माती खराब होते. तीन आठवडे रोज कर. अंडी मातीत पांढऱ्या साबुदाण्यासारखी दिसतात, पण साबुदाण्यापेक्षा मोठी. तीही काढ. आणि पाचोळा खोडापासून वीतभर लांब ठेव, पावसाळ्यात तो त्यांचा लपायचा अड्डा होतो.

पानफुटी · २० जुलै, सकाळी ९:०२

साबुदाणा. उद्या एकादशीची खिचडी होती माझी.

अंगणवेडी · १४ सप्टेंबर, दुपारी ४:०५

गोणपाट चाललं. पहिल्या रात्री ६४, तिसऱ्या आठवड्यात ७-८. मोजायचं काम धाकट्याकडे होतं, शाळेत सांगून आला की आमच्याकडे गोगलगायी पाळल्या आहेत.

बाकी हालहवाल: पिंपळीने अर्धं लॉन झाकलं. हळदीची पानं माझ्या खांद्याला लागतात; पातोळ्या पहिल्यांदाच केल्या, निम्म्या फाटल्या, सगळ्या संपल्या. अबोली फुलतेय आणि सासूबाई रोज सकाळी वेचायला जातात. घसरायला आता शेवाळच नाही. सोनटक्क्याला नुसती पानं, फूल नाही. भुईचाफ्याची पानं इतकी देखणी आहेत की फूल नाही आलं तरी चालेल असं वाटतं.

कंदमूळ · १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३३

सोनटक्का पहिल्या वर्षी बूड धरतो, पुढच्या गौरीला बघ. खापऱ्या खोचल्यास का?

अंगणवेडी · १५ सप्टेंबर, सकाळी ८:२०

खोचते या रविवारी.

अंगणवेडी · २१ डिसेंबर, दुपारी १:१०

नाही खोचल्या.

गेल्या आठवड्यात आम्ही चार दिवस गावाला. मी माळीकाकांना पाचोळ्याबद्दल सांगितलं होतं, झोपणाऱ्या झाडांबद्दल नाही. परत आले तर पट्टा लख्ख. हळदीच्या वाळक्या काड्या गेल्या, त्यांच्याबरोबर गड्डेही. आंब्याखालची माती खुरप्याने उलथून, दगड वेचून, पाणी मारून सपाट केलेली. 'ताई, सगळं वाळलं होतं, काढून टाकलं. आता शेवंती लावू या का?' त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला बोलवेना. कचऱ्याची गाडी आधीच्याच दिवशी येऊन गेली होती. त्या उलथलेल्या मातीत भुईचाफ्याचा एक कंद हाताला लागला नाही.

आज २१ डिसेंबर आहे म्हणून दुपारी मुद्दाम बाहेर गेले. तात्या, तुमची सावली भिंत ओलांडून शेजारच्या बंगल्याच्या जाळीपर्यंत गेली आहे.

निवृत्त_तात्या · २१ डिसेंबर, दुपारी २:४०

जाळीपर्यंतचं अंतर फुटांत मोजून कळव. कंदाचं वाईट वाटलं. काकांना रागावली नाहीस ते बरं केलंस.

कंदमूळ · २१ डिसेंबर, रात्री ९:१५

अगं, होतं असं. माझ्या स्वतःच्या नवऱ्याने रानहळदीवर पावट्याची रोपं लावली होती. आंब्याखाली आता काही लावू नकोस आणि खणू नकोस. मेमध्ये पुन्हा पाठवते. हळद कुणीही देईल.

अंगणवेडी · ६ मे, सकाळी ७:०५

प्रचि (प्रकाशचित्र) टाकतेय, घाईत काढलाय, धाकट्याचा अंगठा आलाय त्यात.

कुत्र्याला बाहेर सोडलं तर तो आंब्याखाली एका जागी नाक लावून उभा. मला वाटलं गोगलगाय. जवळ जाऊन बघितलं तर काकांनी सपाट केलेल्या त्या मातीत, आंब्याच्या दोन मुळांच्या बेचक्यात भुईचाफा. पान नाही, काही नाही. दोन फुलं उघडलेली, एक कळी अजून मातीतच. त्या बेचक्यात खुरपं गेलंच नसणार. पाचातला एक राहिला.

कंदमूळ, आता नवीन पाठवू नका. हा वाढेल तेवढा वाढू दे. खापरी आजच खोचली, दोन खोचल्या. काका रविवारी येतील तेव्हा त्यांना बोलावून दाखवणार आहे.

पानफुटी · ६ मे, सकाळी ९:४४

अगं काय सुंदर! वास येतो का? कंदमूळ, तिचे पाच माझ्याकडे वळवा की. माझ्याकडे माळी नाही.

कंदमूळ · ६ मे, सकाळी १०:०२

पत्ता व्यक्तिगत निरोपात टाक. आधी ऊन-सावलीची वही दाखव.